चक्क्याचं पाणी प्यायलं तर व्हे प्रोटीन मिळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी डेअरीतल्या मेंब्रेन फिल्ट्रेशनवर, म्हणजे अतिबारीक भोकांच्या पडद्यातून गाळण्यावर, काम करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि तो हल्ली जिमवाले भाचेच नाही तर त्यांच्या आयापण विचारतात: श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली जे हिरवट पाणी गळतं तेच ना व्हे, मग व्हे प्रोटीनच्या पावडरीच्या डब्याला एवढे पैसे कशाला?

पाणी खुशाल प्या, ती हिरवट झाक बी-२ व्हिटॅमिनची आहे आणि कॅल्शियमही त्यात भरपूर असतं. पण प्रोटीन म्हणाल तर ते त्यात फारसं नसतंच. कारण आपण दूध उकळतो.

दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण 80 टक्के केसीन आणि उरलेलं व्हे प्रोटीन. दही लागताना आंबटपणा वाढून पीएच 4.6 च्या आसपास आला की केसीन एकमेकांना धरून बसतं. व्हे प्रोटीन कच्च्या दुधात वेगळंच तरंगत असतं, पण दूध चांगलं तापलं की ते उलगडतं आणि बरंचसं केसीनलाच जाऊन चिकटतं, म्हणून उकळलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि पाणीही कमी सोडतं. म्हणजे तुमचं व्हे प्रोटीन बरंचसं चक्क्यातच राहिलंय, श्रीखंडातून पोटात जातंय (साखरेसकट, ते सोडा).

डब्यातली पावडर बहुतेक चीजच्या व्हेपासून येते. तिथे दूध उकळत नाहीत, 72 डिग्रीला 15 सेकंद पाश्चराइज करतात, मग रेनेटने (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने) केसीन गोठवतात आणि व्हे प्रोटीन मोकळंच पाण्याबरोबर बाहेर पडतं. तरीसुद्धा लिटरमागे ते जेमतेम 6 ग्रॅम. 30 ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रोटीन हवं तर 4 लिटर व्हे लागणार, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. एवढं कोण पिणार!

म्हणून मेंब्रेन. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेंब्रेनची भोकं साधारण 10,000 डाल्टनला (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) अडवणारी असतात, व्हेमधली मुख्य प्रोटीनं 14 ते 18 हजारांची म्हणून ती अडकतात, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फक्त 342 ची, ती पाण्याबरोबर आरपार. ऐकायला सोपं. पण चहाच्या गाळणीसारखं वरून ओतलं तर चोथा बसून मिनिटांत सगळं बंद पडेल, म्हणून व्हे मेंब्रेनच्या पृष्ठभागावरून जोरात वाहता ठेवतात आणि थोडाच भाग आत शिरतो. तरी थर बसतोच. 50 डिग्रीला चालवलं तर प्रवाह छान मिळतो पण कॅल्शियम फॉस्फेट जमतं, आणि व्हेमध्ये विरजणाचे बॅक्टेरिया अजून जिवंत असतात ते आपलं आंबवणं चालूच ठेवतात. 10 डिग्रीला चालवलं तर हा त्रास कमी पण प्रवाह रडतखडत. आमच्या कामातला निम्मा वेळ कॉस्टिक आणि अ‍ॅसिडने मेंब्रेन धुण्यातच जातो, रिसर्च म्हणजे हे असतं बरं का.

मग चक्काच मेंब्रेनने का नाही करत, असंही विचारतात. करता येतो. मोठ्या डेअऱ्या फडक्याऐवजी क्वार्ग सेपरेटर (दही गरागरा फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र) वापरतात, बडोदा डेअरीने श्रीखंडासाठी तेच केलं. मेंब्रेन लावायची तर प्रश्न हा की दूध आधी गाळायचं की दही लावून मग. आधी गाळलं तर केसीनला धरलेलं कॅल्शियमपण दाट होतं, ते आम्लाला दाद देत नाही, बॅक्टेरियांना तोच पीएच गाठायला जास्त आम्ल बनवावं लागतं आणि चव कडवट होऊ शकते. दही लावून गाळलं तर कॅल्शियम आधीच विरघळलेलं असतं, पाण्याबरोबर निघून जातं, फक्त तो दाट गोळा मेंब्रेनवरून ढकलताना पंप रडतो. माझं मत विचाराल तर पंप रडू दे, चव महत्त्वाची.

आणि गाळून उरलेलं लॅक्टोजचं पाणी? तसंच नाल्यात सोडलं तर त्यातली साखर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. आपलं ब्रेडचं यीस्ट लॅक्टोज खात नाही पण क्लुइव्हरोमायसिस नावाचं यीस्ट आवडीने खातं, आणि आयर्लंडमध्ये कार्बरी ही डेअरी 1978 पासून त्याचं अल्कोहोल बनवतेय. हे सांगितलं की भाचे एकदम लक्ष देऊन ऐकायला लागतात.

डबा घ्यायचाच असेल आणि दुधाने पोट बिघडत असेल तर कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेली पावडर) नको, आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली) बघा, त्यात लॅक्टोज साधारण एक टक्क्याच्या आत असतं. चक्क्याच्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.