बसा, बसा!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एका दुपारी मी वॉचमनकाकांना एका रिकाम्या गाडीला सलाम करताना पाहिलं. अगदीच रिकामी नव्हती, ड्रायव्हर होता. मालक परदेशी, गाडी सर्व्हिसिंगला निघालेली. काका उन्हात उठून ताठ उभे राहिले, हात कपाळाला लावला, फाटक उघडलं. ड्रायव्हर काकांचाच गाववाला. रात्री दोघं एका डब्यातलं खातात. त्याने साहेबासारखी मान हलवून तो सलाम घेतला आणि मग दोघंही खो खो हसले.

मागोमाग मी भाजीची पिशवी घेऊन आत शिरले. काका खाली बसले होते. माझी तक्रार नाही. चालत येणाऱ्यांसाठी उठावं असा नियमच नाही. गाडीसाठी उठावं असा आहे, आणि तो सूचना फलकावर टाइप करून लावलेला आहे. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "काका, गुडघे दुखतात ना, मग सारखं कशाला उठता?" माझं हे बोलणं ऐकून घ्यायला ते उठून उभे राहिले.

त्यांच्या खुर्चीवरून आमच्या वार्षिक सभेत जो खल झाला तो मला अजून पाठ आहे. आधी त्यांना खुर्ची होती. ती मोडली. नवी द्यायची की नाही यावर पाऊण तास गेला. (लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च त्याच सभेत दोन मिनिटांत मंजूर झाला होता.) "खुर्ची दिली की झोपतात" हा एक पक्ष. "माणूस बारा तास उभा कसा राहील" हा दुसरा. मग कोणीतरी म्हणालं की निदान त्यांच्याशी अरे-तुरे करणं तरी बंद करू या. त्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा, आदर असा वाटून मिळत नाही. तो कमवावा लागतो."

वाक्य दमदार होतं. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. मी मात्र त्या गृहस्थांकडे बघत राहिले. पाय पसरून ते प्लास्टिकच्या खुर्चीत रेलले होते. तेव्हापासून मला एक खोडच लागलीय. 'आदर कमवावा लागतो' असं कोणी म्हणालं की तो माणूस बसलेला आहे का ते मी आधी पाहते. बसलेलाच असतो. लोकांनी आदर कमवायचा म्हणजे कोणीतरी तो तपासायला, मार्क द्यायला टेबलामागे बसलेलं हवं, आणि ते काम करायला लोक आनंदाने तयार असतात. आजवर मला असा माणूस भेटलेला नाही जो म्हणाला, आदर कमवावा लागतो, आणि माझा अजून पुरेसा कमावून झालेला नाही.

केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची सोय नसे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. बसणं म्हणजे आळस, आणि गिऱ्हाइकाचा अपमान. त्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारने दुकानांचा कायदा बदलून त्यांना बसायचा हक्क दिला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. बसायचा हक्क! हे मी प्रथम वाचलं तेव्हा राम मारुती रोडवरच्या दुकानांमधून मी आजवर किती साड्या उलगडायला लावून न घेता उठले असेन, ते आठवून जरा गप्पच झाले.

असो. आमच्या सभेत शेवटी तडजोड झाली. काकांना स्टूल मंजूर झालं. पाठ नसलेलं.

पण उठून उभं राहण्याचा विषय एकदा डोक्यात शिरला की तो सगळीकडे दिसायला लागतो. शाळेत बाई वर्गात आल्या की पन्नास बाकांचा खडखडाट व्हायचा आणि आम्ही सुरात 'नमस्ते बाईऽऽ' म्हणायचो. रजेवरच्या बाईंच्या जागी एखाद्या नव्या बाई आल्या, त्यांना कंपासपेटी आणि कर्कटक यातला फरक कळतो की नाही हेही आम्हाला माहीत नसायचं, तरी पूर्ण वर्ग उभा. आधी उभं राहायचं आणि मग हळूहळू ठरवायचं. पुढे त्यातल्या काही बाईंसाठी आम्ही मनापासून उठायचो, काहींसाठी बाकाला टेकून अर्धवट. पण पहिल्या दिवशीचं उठणं सगळ्यांना सारखं मिळायचं.

आणि ठाणेकर म्हणून एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती आमच्या ठाण्याला यायला. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, आणि निघताना 21 तोफांची सलामी. निघताना! पुढचे 34 किलोमीटर ती धड येतेय की कुठे शेतात बसकण मारतेय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ओढायला तीन इंजिनं होती, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. म्हणजे तिघांपैकी दोघांना पदवी कामाच्या आधीच देऊन टाकलेली. गाडी पोचली म्हणून बरं. सुटलेल्या तोफा परत कशा घेणार होते?

उलट बाजूची गोष्ट गडकरी रंगायतनमधली. नाटक संपल्यावर प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हा खरा कमावलेला मान. पूर्वी तो क्वचित मिळायचा. हल्ली जवळपास प्रत्येक प्रयोगाला मिळतो आणि त्याचं कारण मला माहीत आहे. तलावपाळीवर नाटक सुटल्यावर रिक्षा मिळत नाही. माणूस टाळ्या वाजवत उठतो, टाळ्या वाजवत रांगेतून बाहेर सरकतो आणि टाळ्या वाजवतच दाराशी पोचतो. रंगमंचावर नट हात जोडून उभा असतो. त्याला वाटत असेल, ठाण्याचं प्रेक्षागृह किती रसिक आहे. वाटू दे.

सिनेमाच्या आधी राष्ट्रगीताला उभं राहायचं तर सरकार आणि कोर्टानेच मनावर घेतलं. महाराष्ट्रात 2003 पासून, मग 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर सक्ती केली आणि 2018 च्या जानेवारीत ती काढून टाकली. सक्ती निघाली तरी आमच्या मॉलमध्ये लोक उठतातच. मांडीवरचं पॉपकॉर्न सांभाळत. त्या उठण्यात किती आदर आणि किती शेजाऱ्याची भीती, हे मला माझ्यापुरतंही सांगता येणार नाही.

मला त्यातल्या त्यात पटतो तो लोकलमधला हिशोब. मी रोज ठाण्याहून कोपरखैरण्याला जाते. ट्रान्स हार्बरच्या बायकांच्या डब्यात बसायच्या जागेचे करार ऐरोली यायच्या आत झालेले असतात. "कुठे उतरणार?" "रबाळे." "माझं सांगून ठेवते हं." इथे वय, हुद्दा, पगार काही चालत नाही. आधी विचारलं तिची सीट. पण चौथ्या सीटचा मामला वेगळा. तिघींच्या बाकावर चौथी येऊन नुसती उभी राहिली की तिघी न बोलता सरकतात. तिला टेकण्यापुरती जागा होते. ती कोण, घरी सासूशी नीट वागते का, कामचुकार आहे का, कोणी विचारत नाही. ती उभी आहे एवढं पुरतं. अर्ध्या मांडीएवढाच मान असतो तो, त्याहून जास्त कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही.

हे सगळं मी खरं तर आजोबांमुळे बघायला लागले.

खारकर आळीत आमचं भाड्याचं घर होतं आणि दाराशी आजोबांची कापडी आरामखुर्ची. या खुर्च्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, त्यात बसणं सोपं, उठणं महाकठीण. कापडाला मधे झोळ आलेला असतो. दोन्ही दांड्यांवर जोर देऊन, एकदा पुढे झोका घेऊन, मग माणूस बाहेर निघतो. आजोबा हे सगळं दिवसातून कितीतरी वेळा करायचे. कारण दारात कोणीही आलं की ते उठत. माझे मास्तर आले तरी आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीतला पोरगा आला तरी. इस्त्रीवाला तर बिचारा लाजून कपडे उंबऱ्यावरच ठेवून पळायचा. आलेला माणूस "बसा, बसा" म्हणत राहायचा आणि आजोबा तोवर उभे झालेले असायचे.

चेंदणी कोळीवाड्यातून मासेवाली यायची. डोक्यावर पाटी, पाटीत मांदेली, पावसाळ्यात चिवणी. ती आळीच्या तोंडाशी हाळी द्यायची तेव्हाच आजोबा दांड्यांवर हात ठेवायचे. दारात येऊन ती हुकूम सोडायची, "हात लाव रं दादूस!" मग आजोबा एका बाजूने पाटी धरून खाली उतरवायचे. जाताना पुन्हा डोक्यावर चढवायलाही तेच. आजी आतून म्हणायची, "बसा हो, ती काय कलेक्टर लागून गेली?" आजोबा म्हणायचे, "कलेक्टर पाटी घेऊन येत नाही."

आजी स्वतः दिवसभर उभीच असायची, त्यामुळे ती कोणासाठी उठते की नाही, हे कधी कोणी पाहिलंच नाही.

आणि अशा माणसाला मी एकदाच न उठताना पाहिलं. आमच्या नात्यातलं एक बडं प्रस्थ होतं. त्यांचं नाव घरात कोणी घेत नसे, नुसतं 'ते' म्हणत. एका रविवारी ते फियाट घेऊन आले. पांढरी सफारी, हातात पेढ्यांचा बॉक्स. आळीतली पोरं गाडीभोवती जमली. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले, आई पदर सावरत. शेजारचे काकासुद्धा त्यांच्या ओट्यावर उभे राहिले. आजोबा बसून राहिले. वर्तमानपत्राचं पान उलटलं, म्हणाले, "बसा." चहा आला, गेला. ते अर्धा तास होते, हवापाण्याचं बोलले, आणि निघाले तेव्हाही आजोबा खुर्चीतून हलले नाहीत. घरात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही. पेढे तसेच राहिले, आणि हे आमच्या घरात अघटित होतं.

मी त्यावर वर्षानुवर्षं विचार केलाय. जमिनीचा काही वाद असेल. कोणाच्या लग्नात काही बोलले असतील. कुणाचे पैसे बुडवले असतील. कॉलेजात असताना तर मी यावर एक तत्त्वज्ञानच उभं केलं होतं, की आजोबा आदर सगळ्यांना उंबऱ्यावरच देऊन टाकतात, कमवायला लावत नाहीत, पण कोणी तो घालवला तर मग फियाट आणली तरी परत देत नाहीत. वक्तृत्व स्पर्धेत हे बोलून मी बक्षीसही घेतलं होतं.

पुढे आजोबा गेल्यावर एकदा मी आजीला विचारलं. ती कोळंबी सोलत बसली होती.

"अगं, ते आले होते ना, तेव्हा आजोबा का उठले नाहीत?"

"पाय मुरगळला होता त्यांचा," आजी म्हणाली. कोळंबीवरची नजरही न काढता.

आता यावर काय बोलणार? त्या आठवड्यात त्यांना लंगडताना, पायाला तेल चोळताना मी पाहिल्याचं मला आठवत नाही. मासेवालीची पाटी दुसऱ्या दिवशी कोणी उतरवली तेही आठवत नाही. आजी कधी खोटं बोलत नसे. आजोबांच्या बाबतीत मात्र मला खात्री देता येत नाही.