आमची वाटचाल: पुलियाची सहल अशी घडत गेली

रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस आम्ही आजही करतो. पण आमच्या छोट्या कंपनीला वळण लावलं ते इटलीच्या टाचेकडच्या पुलियाने. लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो या गावांच्या गल्ल्यांत मोठी बस शिरत नाही, म्हणून गट आठांचा झाला. नऊ सीटांची गाडी आणि स्थानिक चालक. जुन्या गावठाणात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंडाची नोटीस येते. त्यामुळे गाडी वेशीबाहेर, पुढे पायी. मुक्काम एकच, इत्रिया खोऱ्यातल्या शेतावरच्या जुन्या दगडी वाड्यात.

दिवस आखताना आम्ही आधी जेवणाची वेळ बघतो. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत. दुकानंही एक-दीडला मिटतात. म्हणून आल्बेरोबेल्लो गाव सकाळी नऊच्या आत. तिथली त्रुल्ली घरं, म्हणजे चुना-माती न वापरता नुसत्या चुनखडी दगडांनी रचलेल्या शंकूच्या छपरांची घरं, १९९६पासून जागतिक वारसा आहेत. दहानंतर गर्दीत ती नीट बघताच येत नाहीत.

शाकाहाराची चौकशी सगळे करतात. ओरेक्किएत्ते या इथल्या पास्त्यात अंडं नसतं, फक्त ड्युरम गव्हाचा रवाळ आटा आणि कोमट पाणी. मात्र त्यावरच्या चीमे दी रापा भाजीत बहुतेकदा अँकोव्ही मासा विरघळवलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच ‘सेंत्सा आच्चूगे’ (अँकोव्हीशिवाय) म्हणायचं. चीजमध्येही बऱ्याचदा वासराच्या जठराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. ज्यांना चालत नाही त्यांना आम्ही हे निघण्यापूर्वीच सांगतो.

आमच्या मते इथलं सर्वांत चांगलं जेवण म्हणजे फावे ए चिकोरिया: सोललेल्या वाळक्या फाव्याचं (बाकल्याच्या दाण्यांचं) घट्ट वरणासारखं घाटण, शेजारी उकडलेली कडवट पालेभाजी, वर कच्चं ऑलिव्ह तेल. पण जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी फावा खाऊ नये. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. बुकिंगच्या अर्जात आम्ही हा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे.

लेच्चे शहराच्या दक्षिणेकडचा रस्ताही आम्ही वगळत नाही, तिथे वाळलेल्या ऑलिव्हच्या रांगा दिसत असल्या तरी. २०१३मध्ये तिथे ही झाडं वाळवणारा झायलेला जिवाणू सापडला. रस शोषणारे किडे तो पसरवतात आणि रोगट झाड बरं करणारं औषध नाही. तेल कुठून येतं हे बघायचं तर हेही बघायला हवं. घाणे बघायचे असतील तर नोव्हेंबर गाठा. ताजं तेल घशाला झोंबतं, तो दोष नव्हे. घेताना काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याचा डबा घ्या आणि तो मोठ्या बॅगेतच ठेवा.