गाडी करारावर गेली

कोजागरीची रात्र होती. १६ ऑक्टोबर २०२४. पुण्यात धनकवडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आटत होतं आणि ते उतू जाऊ नये म्हणून बघायचं काम माझ्याकडे होतं. एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन. तेवढ्यात ईमेल आला. इंग्रजी गोड होतं, पण मजकूर एवढाच: २९ जून २०२५ला सिअ‍ॅटलहून अलास्काला निघणारी आपली बोटीची सफर ‘फुल शिप चार्टर’मुळे आता आपल्यासाठी उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी हसलो. बायको शेजारी वेलची कुटत होती. तिने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "गाडी करारावर गेली." तिला लगेच कळलं. चाळीस वर्षं एसटीवाल्याच्या घरात काढल्यावर हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दूध मात्र तेवढ्या वेळात उतू गेलंच.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीची बरीच वर्षं स्वारगेटला गेली, २०१७ला निवृत्त झालो. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या, माइकवरून पुकारायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. त्यातल्या बऱ्याच शिव्या ‘प्रासंगिक करारा’मुळे मिळायच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाला, शाळेच्या सहलीला, देवदर्शनाला, नाहीतर कुणाच्या सभेला अख्खी एसटी भाड्याने देतात. किलोमीटरचा हिशोब होतो, अनामत भरली जाते, आणि गाडी त्या दिवसापुरती त्यांची होते. कागदावर सगळं व्यवस्थित. पण लग्नसराईत आगारात गाड्या कमी पडल्या की करारावरची गाडी कुठल्यातरी नेहमीच्या फेरीतूनच काढावी लागायची. आणि ती फेरी बहुधा अशा गावाची असायची, जिथून ओरडायला कुणी साहेब येत नाही.

१९९४च्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळची वेल्ह्याची फेरी रद्द झाली. एक म्हातारी गाठोडं घेऊन खिडकीशी आली. मी म्हणालो, "आजी, गाडी करारावर गेली."

"म्हंजी कुठं?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"मला काय माहीत, आजी!"

"आरं, गाडी दिलीस अन् लगीन कुणाचं त्ये इचारलंबी न्हाईस व्हय?"

रागावली नव्हती ती. तिला खरंच नवल वाटलं होतं. मग फलाटावर गाठोड्यावर बसून राहिली आणि नसरापूरच्या गाडीने गेली. नसरापूरहून पुढे कशी गेली, कोण जाणे.

तर आता अलास्का. पेन्शनीत बसणारी ही सहल नव्हे, हे आधीच सांगतो. लेक-जावई सिअ‍ॅटलला असतात. आमच्या लग्नाला २०२५ला चाळीस वर्षं होणार म्हणून त्यांनी निम्मे पैसे घातले. बोटीचा हट्ट बायकोचा. ती देवगडची. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा तिच्या माहेरची माणसं बोटीने मुंबईला जायची. बंदरात बोट लांब उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि उतरायचं ते भाऊच्या धक्क्याला. ही पाच वर्षांची असताना एकदाच गेली. तिला बोट लागली, ओकून ओकून अर्धमेली झाली, तरी आजही तिला त्या बोटीवरच्या दिव्यांचीच आठवण येते. त्यामुळे लेकीने फोनवर खोलीला गॅलरी असलेली बोट दाखवली तेव्हा ती म्हणाली, "गॅलरीतून समुद्र? म्हणजे ओकायचीही सोय झाली."

जुनो, स्कॅगवे, केचिकान ही बंदरं. एक दिवस ग्लेशिअर बे, म्हणजे हिमनद्या जिथे थेट समुद्राला मिळतात ती खाडी. तिथे दिवसाला दोनच क्रूझ बोटी सोडतात. परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. हे शेवटचं काही कुणाच्या हौसेचं नाही. अमेरिकेत १८८६चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला फक्त अमेरिकेच्याच बंदरांमध्ये उतारू फिरवून आणता येत नाहीत, वाटेत परक्या देशाच्या बंदराला लागावंच लागतं. आणि या मोठ्या बोटी बहुतेक परदेशी झेंड्याच्याच असतात. म्हणून संध्याकाळी दोन-चार तास व्हिक्टोरिया. परमिटसाठी गाडी कशी वाकडी वाट करते ते मी जन्मभर पाहिलंय, त्यामुळे मला यात गंमत वाटली. बायकोला वाटली नाही, कारण त्या दोन-चार तासांसाठी आम्ही कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला होता आणि त्यात गेल्या दहा वर्षांचा हिशोब मागत होते.

ईमेलमध्ये दोन पर्याय होते. त्याच बोटीची आधीची किंवा नंतरची फेरी घ्या, खोली त्याच प्रकारची आणि भाडं जुनंच, वर बोटीवर खर्चायला थोडे डॉलर. नाहीतर सगळे पैसे परत. ठरावीक दिवसांत कळवा. ऐकायला बरं वाटतं. पण आधीच्या आठवड्यात नातवाची शाळा, आणि नंतरच्या फेरीत बोट परतायच्या आधीच आमचं मुंबईचं विमान सुटत होतं. लेकीने तरी विचारून पाहिलं, तर शेजारशेजारच्या दोन खोल्या उरल्याच नव्हत्या. आमच्यासारखे सगळेच रद्द झालेले उतारू त्याच दोन फेऱ्यांवर तुटून पडले असणार. पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून गाडी सुटली नाही की स्वारगेटला काय होतं, तेच.

मग लेकीने करारपत्र पाठवलं, तिकिटाबरोबर येतं ते. बुकिंग करताना आपण न वाचता खूण करतो ना, ते. मी चष्मा लावून, फुटपट्टी धरून वाचलं. त्यात सरळ लिहिलेलं होतं की चार्टरसाठी कंपनी सफर केव्हाही रद्द करू शकते, भाडं परत करेल, त्यापलीकडे जबाबदारी नाही. विमानाचं तिकीट, रजा, हॉटेल यांतलं काही त्यांचं नाही. लेक चिडली होती. मला चिडता येईना. कारण त्या कलमामागचा हिशोब मला तिच्यापेक्षा चांगला कळत होता. नेहमीची फेरी भरेलच असं नसतं. करारवाला जायचे-यायचे, रिकाम्या गाडीचे, सगळे पैसे आधी मोजतो. बोटीचं तर नुसतं भाडं नसतं. दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, यांवर मोठी कमाई. बोट घेणारा ती सगळी हिशोबात धरून एकरकमी देतो. खोल्या रिकाम्या राहिल्या तर ते त्याचं दुखणं. डेपो मॅनेजर होतो असं धरलं तर मीही बोट दिली असती.

एक फरक मात्र आहे. आमच्याकडे डेपोच्या कोपऱ्यात एखादी स्पेअर गाडी सापडायची, मोडकी का होईना. तीन हजार माणसांच्या बोटीला स्पेअर कुठून आणणार?

बायकोचा प्रश्न वेगळाच. "पण घेतली कुणी बोट?" लेकीने त्यांच्या फोनवर अर्धा तास संगीत ऐकून विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. मग आम्हीच अंदाज बांधले. एखाद्या गायकाचे चाहते घेतात म्हणे अख्खी बोट आणि समुद्रात आठवडाभर कार्यक्रम करतात. कंपन्याही घेतात, विमा एजंटांना टार्गेट पूर्ण केल्याबद्दल गोव्याला नेतात तसं. जावई म्हणाला, एखाद्या श्रीमंताचं लग्नही असेल. हे ऐकून बायको गप्प झाली आणि मग म्हणाली, "आपल्या लग्नाला किती गाड्या होत्या हो?"

दोन. मे १९८५, पुण्याहून देवगडला वऱ्हाड, दोन गाड्या करारावर. मीच अर्ज केला होता. त्या दोन गाड्या कुठल्या फेऱ्यांतून काढल्या ते मी कधी विचारलं नव्हतं.

आता पैशांचं. एक लाख रुपये ॲडव्हान्स इथल्या एका एजंटाकडे भरला होता, त्यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर एजंटाने सरकारसाठी आधीच घ्यायचा कर, तो वेगळा. मेट्रो नुकतीच स्वारगेटपर्यंत आली होती, एका स्टेशनावर मंडईला उतरलो आणि त्याच्या ऑफिसात गेलो. तो म्हणाला, पैसे येतील, पण सहा हजार पाचशे प्रोसेसिंगचे जातील. मी शांतपणे विचारलं, रद्द मी केलं का? तो म्हणाला, पॉलिसी आहे. मी म्हणालो, आमच्याकडे फेरी महामंडळाने रद्द केली तर पूर्ण पैसे परत करायचो, ते एवढ्या लांबच्या गोऱ्यांनीही केलंय. मध्ये तुम्हीच काय ते उरलात. खुर्चीतून उठलो नाही. खिडकीच्या पलीकडे बसून लोक जे माझ्याशी करायचे ते सगळं मला पाठ होतं. अगदी आवाज किती चढवायचा आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे केव्हा वळून बघायचं तेसुद्धा. शेवटी पंधराशेवर मिटलं. पुरा जिंकलो नाही. टीसीएसचे पाच हजार मात्र तो परत करेना, सरकारकडे भरलेत म्हणाला. ते २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसले आणि प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये मागून घेतले. ज्यांना एरवी रिटर्न भरायची गरज पडत नाही अशा माझ्यासारख्यांनी हे विसरू नये, नाहीतर पाच हजार तिथेच राहतात.

विम्याचाही मोह सोडला. पॉलिसी वाचली तर त्यात आजारपण, मृत्यू, हरवलेली बॅग वगैरे कारणं मोजून दिलेली. बोट दुसऱ्याला दिली हे कारण त्यात नव्हतं. विमानाची तिकिटं सेलमध्ये घेतली होती, म्हणजे बदलायला दंड आणि वर भाड्यातला फरक. इथे चूक माझी. क्रूझचे उरलेले पैसे भरायची तारीख साधारण तीन महिने आधी असते, तोवर विमान थांबवता आलं असतं, किंवा चार पैसे जास्त देऊन रद्द करता येणारं घेता आलं असतं. नशीब इतकंच की लेकीकडे तर जायचंच होतं. तिकिटं तशीच ठेवली.

गेलो. जूनमध्ये माउंट रेनिअरवर पॅरडाइज नावाच्या ठिकाणी अजून ढिगाने बर्फ होता, तो बायकोने हातात घेतला, चाखला आणि "फ्रिजमधला आहे तसाच" असा निकाल दिला. बोटीची हौस सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटाच्या फेरीबोटीवर भागवली. पस्तीस मिनिटांचा प्रवास, खाली मोटारी, वर माणसं. मला ती फेरी फार आवडली. पायी चढणाऱ्यांना तिकीट फक्त जाताना, येताना विचारतसुद्धा नाहीत. बेटावर गेलेला माणूस कधीतरी परत येणारच, मग दोनदा कशाला थांबवायचा? पासष्ट वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट, त्यामुळे माझं अर्धं लागलं आणि हिचं पूर्ण. इथे एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं आहे, त्याची सवय झालेली. ती म्हणाली, "आपल्याकडे बरं आहे." बोट लागली नाही. दोन्ही वेळा ती पुढच्या कठड्याला धरून उभी होती, थंडीने नाक लाल झालं तरी आत आली नाही.

२९ जूनला रविवार होता. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण दुपारी सगळे आपोआप समुद्राकडे निघालो. आमची बोट पिअर ६६ला लागलेली होती. मी मनात फलाट क्रमांक ६६ म्हणालो. पांढरी, अकरा-बारा मजली, गॅलऱ्याच गॅलऱ्या. त्यातली आमची कुठली ते जावई हाताने दाखवून सांगत होता. कठड्यांवर माणसं दाटली होती. लग्न कुणाचं ते काही कळेना. फलक नाही, बॅनर नाही. एका टोकाला बरेच जण सारख्याच निळ्या टीशर्टमध्ये होते, एवढंच.

भोंगा वाजला. वरून कुणीतरी हात हलवला. बायकोनेही हलवला, अगदी खांद्यापासून, पाहुण्यांना निरोप देताना हलवते तसा. नातू म्हणाला, "आजी, तू त्यांना ओळखतेस?"

"वऱ्हाड आहे," ती म्हणाली.

बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा मी घड्याळ बघितलं. वेळ चारची होती. चार बावीस झाले होते. माझा हात खिशात पेन शोधत होता.