टेप कुठून धरायचा?

नातीला आणायला गेलो की मी शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहतो. गेल्या एप्रिलपासून तिथे पेट्रोलचा वास येऊ लागला. विजापूर रोडच्या बाजूला, शाळेला लागूनच नवा पंप झालाय आणि पाकणीहून आलेला टँकर नेमका भरदुपारी खाली करतात. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल उतरतं तशी आतली वाफ व्हेंट पाईपातून बाहेर पडते. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खालीच रेंगाळते. त्यात बेंझीन असतं, आणि बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो. वर आपलं सोलापूरचं ऊन! पहिलीच्या वर्गाच्या खिडक्या त्याच बाजूला उघडतात.

बत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली, त्यामुळे गप्प बसवेना. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा मागवला. शाळेपर्यंतचं अंतर दाखवलंय ५४ मीटर. पण बाण सुरू होतो पंपाच्या ऑफिसपासून, आणि ऑफिस आहे प्लॉटच्या पार पलीकडच्या टोकाला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये घालून दिलेला नियम स्पष्ट आहे. नवा पंप शाळेपासून ५० मीटर लांब हवा. मोजायचं ते टँकरची नळी जोडतात तो फिल पॉइंट, नोझलचं मशीन किंवा व्हेंट पाईप, यातलं जे जवळ असेल तिथून. जागेची अडचण असेल तर ३० मीटरपर्यंत येता येतं, पण मग पेसोने, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ठरवून दिलेली जादा सुरक्षा करावी लागते. ऑफिसचा त्यात उल्लेखही नाही.

रविवारी जावयाला घेऊन गेलो. टेपचं टोक मी वर्गाच्या भिंतीला लावून धरलं, कंपाउंडवरून टेप पलीकडे दिला. ३० मीटरला खडूची खूण करून पुढे पुन्हा धरला. पंपावरच्या एका पोराने ताण द्यायला मदत केली. "काका, टँकर खाली करताना आमचंपण डोकं दुखतंय बघा," म्हणाला. व्हेंट पाईपापर्यंत भरले ३७ मीटर ४० सेंटिमीटर.

सोमवारी अर्ज दिला. दोनच गोष्टी विचारल्या आहेत: इथे जागेची अडचण कुठली होती आणि जादा सुरक्षा काय केली? शाळा सुटेपर्यंत टँकर खाली करू नये, अशी विनंतीही केली आहे. सोबत माझा नकाशा जोडलाय, १:२०० प्रमाणात, बाण व्हेंट पाईपापासून.