खो-खोत धाकट्याचा डाव

नागपूरच्या उन्हाळ्यात पोरं सकाळी आठच्या आत मैदानावर आलेली बरी. मोठ्यांच्या खो-खोत धाकट्याला आधी पळतीला उतरवा. पाठलाग करणाऱ्याला दोन बसलेल्यांमधून जाता येत नाही, पळणाऱ्याला येतं. लहान अंगाचं पोर तिथूनच निसटतं.

आठ बसलेल्यांमधून नागमोडी साखळी आधी चालत, मग धावत घोटवा. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. चुकतं कुठे? घाबरून पोर सरळ पळतं, दोन्ही पाय सीमारेषेबाहेर गेले की बाद!

पाठलागात खो मागूनच द्यायचा: पाठीला हात आणि खणखणीत ‘खो’, दोन्ही एकदमच. लाजरी पोरं नेमकी इथंच पुटपुटतात. आवाजाचाही सराव घ्याच.