खिळ्याची काठी

झुरिकजवळ राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून, आमच्या गावाहून, फोन आला की बोलणं फिरून फिरून एका ठिकाणी येतंच: "एवढ्याशा पोरांना डोंगरावर कशाला नेतेस गो?" थोरला सात वर्षांचा, धाकटी चारची. फोनवर सांगून पटत नाही, म्हणून आज सवडीने लिहिते.

इथे देशभर सुमारे 65,000 किलोमीटरच्या पायवाटा आखलेल्या आहेत. फाट्याफाट्यावर पिवळे फलक असतात, त्यांवर पुढच्या ठिकाणाचं नाव आणि चालत लागणारा वेळ. नुसती पिवळी खूण असली की वाट सोपी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट, तिथे पाऊल जपून टाकायचं. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे मुलांना घेऊन तिकडे वळायचंच नाही. थोरल्याला अक्षरं यायच्या आधी हे रंग कळायला लागले होते.

मी मात्र पहिल्याच खेपेला चुकले. आपेंझेलच्या डोंगरात सेआल्पझे नावाचं तळं आहे, सुमारे 1,140 मीटरवर. आपला सत्तरीतला सोसोगड डोंगर हजार मीटरच्या थोडा वर, म्हणजे उंची साधारण त्याच घरातली. खालच्या वासराउएन स्टेशनापासून जवळजवळ पावणेतीनशे मीटरची चढण. फलकावर तासाभराची वाट. ही वेळ न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाची असते, हे तेव्हा माहीत नव्हतं. धाकटी तीन वर्षांची होती. ती गोगलगायीपाशी बसली, गाईच्या गळ्यातली घंटा वाजली की थबकली, आणि मी सारखी "चल, चल" करत राहिले. दर दहा पावलांवर विचारायची, "दमलीस का?" अर्ध्या वाटेवर ती रडायला लागली ती वरपर्यंत. आम्ही पोचलो ते अडीच तासांनी, तिला खांद्यावर घेऊन. तळ्याचं पाणी आरशासारखं निवळ होतं, पण त्याकडे बघायचं त्राण कोणातच नव्हतं.

काठावर इतर घरची मुलं पाण्यात दगड रचून बांध घालत होती. आईबाप निवांत. कोणी त्यांना उठवत नव्हतं, किती वाजले ते बघत नव्हतं. तेव्हापासून फलकावरची वेळ मी दुप्पट धरते आणि जेवणाचा तास वेगळा. वाटेत चूल मांडायच्या जागा केलेल्या असतात, बऱ्याच ठिकाणी सरपणही रचून ठेवलेलं असतं. इतर लोक सॉसेज भाजतात, आम्ही कणसं भाजतो. त्या कणसांच्या नावावर धाकटी आता बरीच वाट तुडवते.

यंदा एप्रिलच्या सुट्टीत गावी आलो. काजूचा हंगाम, सगळ्या डोंगराला बोंडूंचा वास. आई रोज फटफटताना मागच्या डोंगरावर बिया गोळा करायला जाते. मुलं म्हणाली, आम्हीपण. मी बूट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या काढेपर्यंत आई अंगणात उभी होती, पायात साधी चप्पल. तिने धाकटीच्या हातात एक काठी दिली. टोकाला खिळा ठोकलेली. खाली पडलेल्या बोंडूत खिळा रुतवायचा, वर उचलायचं, बी पिळून पिशवीत आणि बोंडू बादलीत. वाकायला नको. बी दातांनी फोडायची नाही, सालीतल्या तेलाने तोंड भाजतं, एवढं एक तिने दोनदा बजावलं. पाचोळ्यात हात घालायच्या आधी काठी आपटायची, फुरसं असलं तर कळतं.

चार वर्षांची मुलगी त्या डोंगरावर दोन तास चालली. दगडांवरून, घसरत्या पाचोळ्यावरून. पिवळ्या बोंडूचा रस कोपरापर्यंत ओघळला, घसा खवखवला, फ्रॉकवर डाग पडला तो अजून गेलेला नाही. आईने तिला एकदाही विचारलं नाही, दमलीस का म्हणून. सावली आली की ती स्वतःच बसायची, मग मुलंही बसायची. मी मागून चालत होते आणि मला भरून येत होतं. एवढे फलक, एवढे नकाशे वाचून मी जे शिकायला बघत होते, ते आईला माहीतच होतं: मुलाला वर पोचायचं नसतं, त्याला हाताशी काम हवं असतं.

वाईट याचं वाटलं की त्या दोन तासांत डोंगरावर दुसरं एकही पोर दिसलं नाही. ऊन लागेल, काटा लागेल, साप असेल म्हणून सगळी घरात. भीती खोटी नाही. पण साडेसहाला निघून नऊच्या आत परत आलं तर ऊन लागत नाही. अंगभर कपडे घातले, काठी हातात असली, जाणतं माणूस पुढे असलं, की पुष्कळ झालं. पावसाळ्यात मात्र ओढ्यात किंवा धबधब्याखाली मुलांना उतरवू नका. वर घाटात कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं. त्या दिवसांत सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर न्या, हिरव्या गवतातली रानफुलं दाखवा.

हे लिहितेय तोवर तुमच्याकडे करवंदं पिकली असतील. जाळी खालूनच लगडते, चार वर्षांच्या मुलाचा हात सहज पोचतो. द्रोण घरूनच न्या, आणि चिकाचे हात डोळ्यांना लावू देऊ नका.