बोअरची पातळी मोजताना: माझा अनुभव

गावाबाहेर प्लॉट पडत गेले, नळजोड वाढले, बोअर मात्र तेच दोन. दर उन्हाळ्यात तिसऱ्या बोअरची मागणी यायची. आहे ते पाणी कुठवर खाली गेलंय, ते आधी मोजायचं ठरवलं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. मोठ्या क्षेत्राचा अंदाज घ्यायला ते ठीक, पण गावाचा उपसा ठरवायला आठवड्याची नोंद लागते.

पहिलं काम खुणेचं. केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) कडेवर ऑइलपेंटने ठिपका काढला आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजलं. केसिंग जमिनीच्या 45 सेंमी वर असेल, तर आलेल्या आकड्यातून 0.45 मीटर वजा करायचे. एकाने कडेवरून आणि दुसऱ्याने जमिनीवरून मोजलं, की पाणी न हलताही कागदावर फरक दिसतो.

पातळी मोजायला बोअरमध्ये बझरचा टेप सोडतो; त्याच्या टोकाला पाणी लागलं की बझर वाजतो. पण वरच्या फटीतून झिरपणारं पाणी टोकावर पडलं तरी तो वाजतो, आणि टेप मोटारीच्या केबलमध्ये अडकतो ते वेगळंच. त्यामुळे मोटार दुरुस्तीला वर काढली, तेव्हाच पाऊण इंची पीव्हीसी पाइप खालच्या टोकाला भोकं पाडून कॉलमला (मोटारीचं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) बांधून सोडला. तो पंपाच्या वरच संपवायचा. टेप त्यातूनच उतरतो. आत सोडण्याआधी टेप क्लोरीनच्या पाण्याने पुसायचा. दोनदा मोजायचं, 1 सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

सगळ्यात जास्त फसवलं ते शेतीपंपांच्या विजेने. थ्री-फेज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे मोजलं की शेजारच्या मोटारी नुकत्याच थांबलेल्या असतात आणि पातळी खोटी खाली दिसते. आता आपली मोटार बंद करून किती तास झाले आणि शेजारचे पंप कधी थांबले, हे दोन्ही आकड्याशेजारी लिहितो. विहीर आणि बोअर यांची सरासरी काढत नाही: विहीर वरच्या मुरमातलं पाणी दाखवते, बोअर खालच्या पाषाणाच्या भेगांतलं.

मग हिशेब. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सुटण्याचं प्रमाण फार थोडं. ते 2 टक्के धरलं, तर 100 हेक्टरखालची पातळी 1 मीटर उतरणं म्हणजे 2 कोटी लिटर. माणशी 55 लिटरने 3,000 वस्तीला रोज 1.65 लाख लिटर लागतात, म्हणजे ते सुमारे 120 दिवसांचं पाणी. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं उसाकडे जातं. म्हणूनच हा तक्ता ग्रामसभेत बागायतदारांसमोर ठेवायचा.

आलेख काढताना शून्य वर आणि खोली खाली ठेवली, तर कुणालाही कळतो. पातळीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे मोटार बंद केल्यावर पाणी मूळ जागी यायला लागणारा वेळ. तो वाढू लागला, की आम्ही सलग पाच तासांचा उपसा सोडून सकाळी अडीच, संध्याकाळी अडीच असा विभागतो. नवीन नळजोडांचे अर्ज ऑक्टोबरअखेरची पातळी मागच्या ऑक्टोबरशी ताडून मगच घेतो.